शस्त्रक्रिया मुंबईत होईल, पण ओळख आणि देखभाल कोकणातच हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थरथरणाऱ्या हातांच्या रुग्णाच्या मेंदूत बसवलेले यंत्र डॉक्टर सुरू करतात आणि काही क्षणांत ते हात स्थिर होतात, अशा चित्रफिती सध्या मोबाइलवर गावोगाव फिरत आहेत. राजापूर तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे. त्या चित्रफिती पाहून लोक दुकानात येतात आणि विचारतात, की आमच्या वडिलांचे हातही असे थांबतील का, खर्च किती येईल आणि मुंबईत कोणाकडे जायचे. या चित्रफिती खोट्या नाहीत. मात्र त्यांत दिसतात ती उपचाराच्या मधली काही मिनिटे. त्याआधीची काही वर्षे आणि त्यानंतरची बरीच वर्षे रुग्ण आपल्या गावातच काढतो, आणि त्या गावातील आरोग्यव्यवस्थेला या आजारांची जेमतेम तोंडओळख असते. हालचालींचे विकार आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी, ग्रंथीचे विकार या दोहोंवर मेंदूशल्यचिकित्सक उपचार करतात आणि दोहोंबाबत कोकणातील रुग्णाची अडचण सारखीच आहे, म्हणून या पत्रात दोन्हींविषयी लिहीत आहे.

पार्किन्सन्सचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्या आजाराचे वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. मेंदूच्या खोल भागातील काही काळसर पेशी हळूहळू नष्ट होतात, त्या तयार करत असलेले डोपामिन हे रसायन कमी पडते, आणि मग हालचाल मंदावते, अंग ताठरते, हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतानाही थरथरतो. १९६०च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. आजही याहून गुणकारी औषध नाही, आणि त्याची गोळी काही रुपयांना मिळते. अडचण सुरू होते ती काही वर्षांनी. एका गोळीवर पूर्वी जवळजवळ अर्धा दिवस निघत असे, तिथे आता दोन-अडीच तासही निघत नाहीत. गोळी उतरली की माणूस जागच्या जागी खिळतो आणि गोळी चढली की मान, खांदे, पाय आपोआप वळवळू लागतात. औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलूनही जो रुग्ण दिवसभर या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार करायचा असतो. आजाराचे निदान झाले की लगेच मुंबई गाठायची, असा त्याचा अर्थ नाही.

या शस्त्रक्रियेला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास डोक्याला धातूची चौकट बसवून, अचूक मोजमाप घेऊन मेंदूतील ठरावीक बिंदू नष्ट करण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या देशात त्या काळी मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे काम केले. लेव्होडोपा आल्यावर ती पद्धत मागे पडली. पुढे १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी दाखवून दिले, की सेकंदाला शंभराहून अधिक वेळा सौम्य विद्युतस्पंद दिले तर पेशी न जाळताही थरथर थांबते. जाळलेला भाग परत येत नाही, पण विद्युतस्पंद कमी-जास्त करता येतात आणि बंदही करता येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये थरथरीसाठी आणि २००२ मध्ये पार्किन्सन्सच्या इतर लक्षणांसाठी या उपचाराला मान्यता दिली. मेंदूतील ज्या साखळीच्या अभ्यासावर हा उपचार उभा आहे तो अभ्यास करणारे महलॉन डिलाँग आणि बेनाबिद या दोघांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. भारतातही हा उपचार गेली अनेक वर्षे होत आहे. जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या तारा कवटीतील छिद्रांतून आत सोडतात, अनेकदा रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत आणि हात हलवायला सांगत त्यांची जागा नक्की करतात, आणि मग कातडीखालून वायर आणून ती गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडतात.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाची निवड कशी होते, हे चित्रफितीत येत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रात्रभर गोळी बंद ठेवून सकाळी रुग्णाची हालचाल मोजतात, नंतर गोळी देऊन ती पुन्हा मोजतात, आणि निदान तीस टक्के तरी सुधारणा दिसली तर पुढचा विचार करतात. कारण सरळ आहे. थरथर सोडली, तर जे लक्षण गोळीने सुधारते तेच बहुधा यंत्राने सुधारते. गोळी चढलेली असतानाही ज्याचा तोल जातो, ज्याचे बोलणे अस्पष्ट झाले आहे किंवा ज्याची स्मृती बरीच ढासळली आहे, त्याला यंत्राने फारसा लाभ होत नाही, उलट बोलणे आणखी बिघडू शकते. पार्किन्सन्ससारखेच दिसणारे पण त्याहून वेगाने वाढणारे इतर काही आजार आहेत, त्यांत ही शस्त्रक्रिया करतच नाहीत. ज्याची निवड योग्य झाली त्याचे थिजण्याचे तास पुष्कळ कमी होतात, गोळ्याही साधारण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक कमी करता येतात, पण आजाराची आतली वाटचाल थांबत नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एक-दोन जणांना असतो आणि तारेच्या किंवा बॅटरीच्या जागी जंतुसंसर्गही होऊ शकतो. यंत्राचीच किंमत काही लाखांत जाते. हे सगळे ऐकूनही एखाद्या कुटुंबाने होकार दिला तर तो जाणून दिलेला होकार ठरेल. जमीन किंवा आंब्याची बाग गहाण टाकण्याआधी ही माहिती घरी पोचली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता माझ्या धंद्याशी संबंधित गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते कोकणात सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून माणसाचा आजार वाचायची सवय लागते. वयस्कर माणसाला एकदा चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन सुरू होते, आणि ते कोणी बंद करायला सांगत नाही म्हणून वर्षानुवर्षे चालू राहते. पोटात गुबारा धरतो म्हणून ॲसिडिटीच्या गोळीबरोबर लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल दिली जाते, आणि पुढे घरचे लोक रिकामे पाकीट दाखवून तीच नेत राहतात. ही औषधे मेंदूतील डोपामिनचे काम अडवतात. त्यांच्यामुळे पार्किन्सन्स नसलेल्या माणसाचेही हात थरथरू लागतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो, आणि मग ‘कंपवात झाला’ म्हणून त्यावर आणखी गोळ्या सुरू होतात. औषध थांबवल्यावर यातील पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. ज्याला खरोखर पार्किन्सन्स आहे त्याला उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन दिले, तर एका इंजेक्शनानेही तो आखडून जाऊ शकतो. तिथे डॉम्पेरिडोनसारखा अधिक सुरक्षित पर्याय असतो. उलट लेव्होडोपा मात्र एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, त्याने तीव्र ताप, ताठरलेले अंग आणि शुद्ध हरपण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ऐन पावसात घाट बंद पडल्यामुळे दुकानातील माल संपला तर आम्ही एरवी ‘दोन दिवसांनी या’ असे सहज सांगतो, पण या औषधाच्या बाबतीत तसे सांगण्याची सोय नाही.

याच ओघात खाजकुयलीचेही सांगून टाकतो. आपल्या रानात उगवणाऱ्या या वेलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा असते, आणि आयुर्वेदात तिचा उपयोग जुना आहे, यात शंका नाही. पण म्हणूनच तिला निरुपद्रवी समजू नये. घरी कुटलेल्या पुडीत औषध किती उतरले हे कळत नाही. चिठ्ठीवरच्या गोळीबरोबर गुपचूप ती पुडी घेणारा रुग्ण वळवळू लागला, की डॉक्टर गोळी कमी करतात, आणि खरे कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, एवढीच विनंती मी गिऱ्हाइकांना करतो.

यंत्र बसवून रुग्ण गावी परततो तेव्हा दुसरा अध्याय सुरू होतो. यंत्रातील स्पंदांची मात्रा ठरवण्याचे काम शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी सुरू होते आणि अनेक महिने टप्प्याटप्प्याने चालते. प्रत्येक टप्प्याला रात्रीच्या गाडीने दादरला उतरायचे, नालासोपाऱ्याच्या किंवा डोंबिवलीच्या नातेवाइकाकडे टेकायचे आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी दोन दिवस घालवायचे, ही यातायात आधीच थिजणाऱ्या माणसाला आणि त्याला सांभाळणाऱ्या बायकोला झेपत नाही. मग येणे लांबते, मात्रा नीट लागत नाही आणि ‘लाखो रुपये पाण्यात गेले’ असे गावभर होते. काही यंत्रांची मात्रा आता इंटरनेटवरून दूर बसूनही बदलता येते, पण त्यासाठी मोबाइलला रेंज लागते, आणि आमच्याकडील वाड्यांवर ती कुठल्या दगडावर उभे राहिल्यावर मिळते हे ज्याचे त्याला ठाऊक असते. रिचार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. ती अचानक संपली तर लक्षणे एकदम उसळतात, आणि त्या वेळी धावपळ करावी लागू नये म्हणून तिची तपासणी ठरलेल्या वेळी जवळपासच व्हायला हवी.

यात दोन धोके असे आहेत, की ते आपल्या भागातील प्रत्येक फिजिओथेरपी केंद्राला आणि प्रत्येक मच्छीमार कुटुंबाला ठाऊक असायला हवेत. पहिला धोका गुडघे आणि कंबर शेकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शॉर्टवेव्ह डायथर्मीचा. मेंदूत तारा असलेल्या माणसाला डायथर्मी दिली तर ती ऊर्जा तारेच्या टोकाशी पोचून मेंदूचा तो भाग कायमचा भाजू शकतो. असा अपघात २००१ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या म्हाताऱ्याला ‘छातीत काही यंत्र बसवले आहे का’ असे विचारण्याला एक मिनिट लागते. दुसरा धोका पाण्याचा. झ्युरिचच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हे सर्व जण पूर्वी उत्तम पोहणारे होते, शस्त्रक्रियेनंतर त्यांची चालण्याफिरण्याची लक्षणे सुधारली होती, पण पोहता मात्र येईनासे झाले होते. त्यांतल्या तिघांनी यंत्र बंद केल्यावर त्यांना पुन्हा पोहता येऊ लागले. ज्या किनाऱ्यावर माणूस चालायला लागतो त्याच वयात खाडीत उतरतो, तिथल्या रुग्णाला बरे वाटू लागल्यावर होडीवर जाण्याची किंवा विहिरीत उतरण्याची इच्छा होणारच. त्याला हे आधी कोणी तरी सांगितले पाहिजे.

हालचालींचे इतर विकार थोडक्यात सांगतो. कप उचलताना, सही करताना हात थरथरतो पण स्वस्थ बसल्यावर थांबतो, असा थरथरीचा एक वेगळा आणि पुष्कळ आढळणारा प्रकार आहे. तो अनेकदा घराण्यात चालत येतो. त्याला पार्किन्सन्सच्या गोळ्या लागू पडत नाहीत, प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे लागतात, आणि ती पुरी पडली नाहीत तर वरील यंत्राचा विचार होतो किंवा ध्वनिलहरी एकवटून, कवटी न उघडता मेंदूतील बिंदू जाळण्याचा. या ध्वनिलहरींच्या उपचाराला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, भारतात तो मोजक्याच रुग्णालयांत होतो. डिस्टोनिया या विकारात मान किंवा हातपाय पिळवटले जातात. तो लहान मुलांतही दिसतो, आणि आमच्याकडे अशा मुलाला ‘बाहेरचे’ झाले म्हणून देवस्कीच्या वाटेला लावण्यात वर्षे जातात. गाऱ्हाणे घालण्याला माझी हरकत नाही. पण डिस्टोनियाच्या काही प्रकारांत लेव्होडोपाच्या अगदी लहान मात्रेने मूल जवळजवळ बरे होते आणि काहींत मेंदूतील यंत्राचा चांगला उपयोग होतो, म्हणून गाऱ्हाणे घालून झाल्यावर मुलाला न्यूरोलॉजिस्टकडे न्यावे.

पीयूषिका ग्रंथीकडे वळतो. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी ही ग्रंथी असते आणि थायरॉईड, अधिवृक्क ग्रंथी, अंडाशय, वृषण या सर्वांचा कारभार तिच्या हुकमाने चालतो. तिच्यात होणाऱ्या गाठी बहुतेक कर्करोगाच्या नसतात. पण गाठ वर वाढली, की तिथे एकमेकींना छेदून जाणाऱ्या डोळ्यांच्या शिरा दबतात आणि दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते. समोरचे अक्षर वाचता येते, पण बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. असा माणूस चष्म्याचा नंबर बदलून घेतो, मोतीबिंदूच्या शिबिरात जातो, कधी कधी शस्त्रक्रियाही करून घेतो, आणि तरी ‘दिसत नाही’ म्हणत राहतो. डॉक्टरांनी समोर बसून, एकेक डोळा झाकायला सांगून, कडेने बोटे आत आणत ‘कधी दिसली’ असे विचारले तरी शंका येऊ शकते. यासाठी यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात. नेत्रशिबिरांत ही तपासणी होताना मी पाहिलेली नाही.

सर्वच गाठींना शस्त्रक्रिया लागत नाही, हेही लोकांना सांगायला हवे. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची गाठ सर्वांत जास्त आढळते. तिच्यामुळे बाळ नसतानाही स्तनांतून दूध येते, पाळी थांबते, मूल होत नाही, पुरुषांची कामेच्छा जाते. या गाठीवर पहिला उपचार कॅबर्गोलिनच्या गोळ्यांचा असतो आणि बहुतेकांची गाठ त्यांनीच आकसते. हे औषध डोपामिनसारखे काम करते, म्हणजे कंपवाताच्या आणि या गाठीच्या उपचारांची मुळे एकाच रसायनात आहेत. त्यामुळेच वर सांगितलेली लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड ही औषधे प्रोलॅक्टिनही वाढवतात. दूध येते म्हणून घाबरलेल्या मुलीचा महागडा एमआरआय काढण्याआधी तिची ॲसिडिटीची कॅप्सूल तपासली, तर काही वेळा तिथेच उत्तर सापडते. याउलट वाढीच्या संप्रेरकाच्या गाठीत, म्हणजे ॲक्रोमेगलीमध्ये, शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार असतो. यात अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो, आवाज घोगरा होतो, मधुमेह आणि रक्तदाब जडतो, पण सगळे इतके हळू घडते की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंत पाच ते दहा वर्षे जाणे ही या आजारात जगभर नेहमीची गोष्ट आहे. गणपतीला वर्षातून एकदा येणारा चाकरमानी भाऊच ‘तुझा चेहरा बदलला’ असे आधी म्हणतो. गाठ लहान असताना शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक रुग्ण रोगमुक्त होतात, मोठी झाल्यावर हे प्रमाण निम्म्यावर येते. या उशिराची किंमत ती एवढी आहे.

कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढवणाऱ्या गाठीच्या आजाराला अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांच्यावरून कुशिंग रोग असे नाव पडले आहे. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, दंड-मांड्या बारीक होतात, जरा लागले की काळे-निळे पडते. मात्र असा चेहरा दिसला तर आधी विचारायचे ते सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या बिननावाच्या पुड्यांविषयी, कारण बाहेरून घेतलेले स्टिरॉइड हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. काही दुकानांत या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, हे आमच्या व्यवसायाला शोभणारे नाही.

पिट्युटरीची शस्त्रक्रिया आता बहुधा नाकातून होते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हर्मन श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाकाच्या वाटेने पहिली गाठ काढली, १९६०च्या दशकात माँट्रियलच्या ज्युल्स हार्डी यांनी सूक्ष्मदर्शकाचा वापर रूढ केला आणि १९९०च्या दशकापासून दुर्बिणीने ती होऊ लागली. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, रुग्ण काही दिवसांत घरी जातो, आणि म्हणूनच पुढचे धोके तो घरी असताना उद्भवतात. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकू लागला तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचे पाणी असू शकते, आणि दुर्लक्ष झाल्यास मेंदूज्वर होतो. सारखी तहान आणि बादलीभर लघवी होऊ लागली तर ‘साखर झाली’ असे समजून चालत नाही. आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातील सोडियम एकदम उतरू शकते. रुग्णाला मळमळते, डोके दुखते, तो असंबद्ध बोलू लागतो, आणि स्थानिक डॉक्टर प्रवासाचा शीण समजून उलटीचे इंजेक्शन देतात. सोडियमची तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत होते. ती करायची हे फक्त सुचायला हवे.

सर्वांत जीवघेणी गोष्ट आहे ती कॉर्टिसोलची कमतरता. शस्त्रक्रियेनंतर काहींची ग्रंथी हे संप्रेरक तयार करवून घेऊ शकत नाही आणि त्यांना हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. ताप आला तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करायची असते, उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर शंभर मिलिग्रॅमचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते, नाही तर रक्तदाब कोसळून काही तासांत माणूस दगावू शकतो. हे इंजेक्शन दुर्मीळ नाही, दम्यासाठी ते ग्रामीण रुग्णालयांत ठेवलेलेच असते. पण लेप्टोच्या आणि डेंग्यूच्या दिवसांत तापाने आलेल्या रुग्णाच्या खिशात ‘मला हे इंजेक्शन आधी द्या’ असे मराठीत लिहिलेले कार्ड नसेल, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांना ते कळणार कसे?

शस्त्रक्रिया न होताही ही कमतरता आपल्या भागात दोन वाटांनी येते. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पीयूषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती मरते. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, काखेतील केस जातात, थंडी सोसवत नाही, आणि पुढे दहा-दहा, वीस-वीस वर्षे ‘हिला काम नको असते’ असे टोमणे ऐकत ती अशक्तपणाच्या बाटल्या पिते. तिची फक्त थायरॉईडसाठीची टीएसएच तपासणी केली तर ती बऱ्याचदा ठीक येते, कारण ते संप्रेरक पीयूषिकेतूनच येत असते. आणि कॉर्टिसोल न पाहता थायरॉईडची गोळी सुरू केली तर तिचा जीव धोक्यात येऊ शकतो. दुसरी वाट घोणस चावण्याची. या सापाच्या विषाने रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा विकार होऊन वाचलेल्या काही रुग्णांची पीयूषिका ग्रंथी निकामी होते, आणि तिची लक्षणे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात. भातकापणीत घोणस चावलेला तरुण दोन वर्षांनी दाढी विरळ झाली आणि अंगात जोर नाही म्हणून आला, तर सापाची आठवण डॉक्टरांनी काढायला हवी.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा त्यांच्या हाताशी कुठलेही मोठे यंत्र नव्हते. काय बघायचे आणि काय द्यायचे हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना ठाऊक झाल्याने कोकणात माणसे वाचली. तोच मार्ग इथे चालेल असे मला वाटते. मेंदूची खोल शस्त्रक्रिया रत्नागिरीत किंवा ओरोसला व्हावी अशी माझी मागणी नाही. अशा शस्त्रक्रिया जिथे वारंवार होतात तिथेच त्या सुरक्षित असतात, आणि परळच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात मेंदूशल्यचिकित्सा आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विभाग एकाच आवारात आहेत. सावंतवाडी-दोडामार्गकडचे रुग्ण गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तेही ठीक आहे. परंतु अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. तिथे महिन्यातून एक ठरलेला दिवस मुंबईच्या तज्ज्ञांचे पथक बसावे, रुग्णनिवडीची चाचणी, यंत्राची मात्रा, बॅटरीची तपासणी आणि संप्रेरकांच्या तपासण्या तिथे व्हाव्यात, आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाने एकदाच मुंबईला जावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया येतात, पण तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. यंत्राबरोबर पुढच्या बॅटरीचा आणि आयुष्यभराच्या गोळ्यांचा विचार त्याच मंजुरीत व्हायला हवा, नाही तर तीन-चार वर्षांनी बंद पडणारे यंत्र सरकारी खर्चाने बसवल्यासारखे होईल. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी काम करते. तशी एखादी बैठक चिपळूण किंवा कणकवलीला भरू लागली, तर निम्म्या शंका तिथेच मिटतील.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या आरोग्य पुरवणीत कंपवाताच्या रुग्णांना देऊ नयेत अशा औषधांची यादी आणि पीयूषिकेच्या रुग्णांनी खिशात ठेवायच्या कार्डाचा मराठी नमुना तज्ज्ञांकडून तपासून छापावा. ते पान माझ्या दुकानाच्या दर्शनी भागात लावीनच, आणि तालुक्यातील इतर औषधविक्रेत्यांनाही त्याच्या प्रती पोचवण्याची जबाबदारी घेतो.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता
राजापूर, जि. रत्नागिरी